लाल गोळी, निळी गोळी

(मंडळाच्या चित्रपट-संध्येत 'द मॅट्रिक्स' दाखवल्यानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर. संपादकांच्या आग्रहावरून थोडी डागडुजी केली आहे, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



चित्रपट संपल्यावर भाषण ठेवणं ही कार्यकारिणीची कल्पना, माझी नव्हे. सव्वादोन तास हाणामारी बघून झाली आहे, मागच्या टेबलावर बटाटेवडे थंड होताहेत आणि वड्यांच्या आणि तुमच्या मध्ये मी उभा आहे. तेव्हा लगेच मुद्द्यावर येतो.

मला विषय दिला होता 'मॅट्रिक्सची समीक्षा'. समीक्षा हा काही माझा प्रांत नाही. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. म्हणजे कंपन्यांमध्ये जायचं, नवी सिस्टिम बसवायची आणि ती वापरणारे लोक काय म्हणतात ते लिहून घ्यायचं. या धंद्यात मी एक गोष्ट शिकलो. वापरणारा म्हणतो, "तुमची स्क्रीन फार स्लो आहे हो." आपण मोजून बघतो, तर स्क्रीन दोन सेकंदांत उघडते. जरा खोदून विचारलं की कळतं, जुन्या सिस्टिमवर या गृहस्थांची पंधरा वर्षं गेली, तिथे सगळे त्यांना विचारायला यायचे. आता त्यांना काल लागलेल्या मुलीला विचारावं लागतं. तक्रार स्क्रीनची, दुखणं निराळंच. म्हणून कुणाचंही मत लिहून घेताना मी शेजारी एक कोरा रकाना ठेवतो : 'हे कोण म्हणतंय?'

हाच उद्योग मी या चित्रपटासाठी केला. गेल्या दोन महिन्यांत आपल्या मंडळातल्या बावीस जणांना फोन करून विचारलं, "मॅट्रिक्स कसा वाटला?" तुमच्यापैकी काहींना तो त्रास झालाच आहे. नावं घेणार नाही, घाबरू नका. पण जे कळलं ते सांगतो.

ज्यांना मध्ये डुलकी लागली त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. 'द मॅट्रिक्स' अमेरिकेत ३१ मार्च १९९९ ला आला. लेखन-दिग्दर्शन लाना आणि लिली वाचोव्स्की या भावंडांचं. खर्च सुमारे ६.३ कोटी डॉलर, चित्रीकरण बरंचसं ऑस्ट्रेलियात, सिडनीला. गोष्ट एका ओळीत सांगायची तर अशी : यंत्रांनी माणसांना जिंकलंय, माणसं द्रवाने भरलेल्या कुप्यांमध्ये झोपलेली आहेत, आणि त्यांच्या मेंदूंना १९९९ सालचं एक खोटं जग दाखवलं जातंय. मारामाऱ्या बसवायला हाँगकाँगहून युएन वू-पिंग आले आणि त्यांनी नटांकडून महिनोन्महिने तालीम करून घेतली. कियानू रीव्ह्ज मागे वाकून गोळ्या चुकवतो आणि कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो, तो 'बुलेट टाइम'चा प्रसंग शंभराहून अधिक स्थिर कॅमेरे ओळीने लावून घेतला होता. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले. जगभरात सुमारे ४६ कोटी डॉलर जमा झाले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला.

आता मतं.

पहिला गट आम्हा इंजिनिअर लोकांचा. आम्हाला चित्रपट दाखवायला घेऊन जाणं म्हणजे सुताराला लग्नात नेणं. तो नवरी बघत नाही, पाट बघतो. बावीसपैकी सात जणांनी मला पहिल्याच वाक्यात सांगितलं, "ते बॅटरीचं साफ चूक आहे." यंत्रं माणसाच्या शरीरापासून वीज मिळवतात असं चित्रपटात म्हटलंय ना, त्याबद्दल. हिशेब सोपा आहे. माणूस दिवसाला साधारण २००० किलोकॅलरी खातो. ती ऊर्जा चोवीस तासांत वाटली तर सुमारे ९७ वॅट होतात. म्हणजे एक माणूस बरोबर एक जुना शंभरचा बल्ब. आणि तेवढे वॅट मिळवायला तेवढंच अन्न आत घालावं लागतं, त्यातलं काही वाया जातं ते वेगळंच. त्यापेक्षा ते अन्नच जाळा की! शिवाय चित्रपटात मॉर्फियस स्वतःच सांगतो की यंत्रांकडे अणुसंमीलनाची ऊर्जाही आहे. मग माणसं पाळायची हौस कशाला?

पण याच इंजिनिअरांचा ऊर २००३ मध्ये दुसऱ्या भागाच्या वेळी भरून आला. त्यात ट्रिनिटी वीजकेंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये शिरते. एरवी चित्रपटातला हॅकर म्हणजे कीबोर्ड बडवायचा आणि स्क्रीनवर कवटी नाचायची. इथे तिने चक्क 'एनमॅप' वापरलं, जे आम्ही कामावर खरोखर वापरतो. आणि ज्या फटीतून ती आत शिरते, ती एसएसएच प्रोग्रॅममधली फटही खरी होती, २००१ मध्ये उघडकीला आलेली. जेमतेम काही सेकंदांचं दृश्य, पण आमच्या जमातीला वाटलं, कुणीतरी पहिल्यांदा आपल्याला माणसात धरलं. माझ्या कोऱ्या रकान्यात मी लिहिलं : 'यांना आदर हवा आहे.'

दुसरा गट आपल्या ज्येष्ठांचा. एका काकांनी मला पाऊण तास फोनवर धरलं. "अरे, यात नवीन ते काय? हे सगळं शंकराचार्यांनी बाराशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. माया! गोऱ्यांना आत्ता कळतंय." काकांचं अगदीच खोटं नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी श्रेयनामावली चालू असताना बृहदारण्यकोपनिषदातला मंत्र ऐकू येतो, आपण शाळेत प्रार्थनेला म्हणायचो तोच. पण मी काकांना भीत भीत विचारलं, "काका, अद्वैतात जागा झालेला माणूस दोन हातांत दोन बंदुका घेऊन पहारेकऱ्यांना मारत सुटतो का?" काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेवढा भाग अमेरिकन आहे."

गंमत म्हणजे, फ्रान्समधले विचारवंत ज्याँ बोद्रियार यांचीही तक्रार अशीच होती, फक्त उलट्या बाजूने. चित्रपटात नायक चोरीच्या डिस्क लपवतो ते आतून कोरलेलं पुस्तक त्यांचं आहे. ते स्वतः मात्र म्हणाले की यांना माझं म्हणणं कळलेलंच नाही. म्हणजे काकांना वाटतं हे आमचं आहे, आणि ज्यांचं पुस्तक दाखवलं ते म्हणतात हे आमचं नव्हे!

तिसरा गट आपल्या मुलांचा. पंधरा वर्षांची एक मुलगी मला म्हणाली, "काका, हे सगळं यांनी 'श्रेक'वरून कॉपी केलंय ना?" तिने आधी २००१ चा 'श्रेक' पाहिला होता. त्यात राजकन्या फियोना हवेत थांबून लाथा मारते, ती मॅट्रिक्सचीच नक्कल. आपणही काही कमी नव्हतो. २००४ च्या 'मैं हूँ ना' मध्ये शाहरुख मागे वाकून गोळ्या नव्हे, प्राध्यापकाची थुंकी चुकवतो. नकला इतक्या झाल्या की अस्सल बघणाऱ्यालाच ती नक्कल वाटते. यात मुलीचा दोष नाही. आपण आधी काय पाहिलंय त्यावर पुढचं मत ठरतं.

चौथं मत एकट्याचं आहे, पण ते माझ्या मनातून जात नाही. चित्रपटात सायफर नावाचा एक फितूर आहे. तो खोट्या जगातल्या हॉटेलात बसून मांसाचा तुकडा काट्यावर धरतो आणि म्हणतो की हे खरं नाही हे मला ठाऊक आहे, तरी मला परत इथेच यायचंय, आणि काहीही आठवायला नकोय. सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतात. पण आपल्यातले एक गृहस्थ, १९८० च्या दशकात इथे आलेले, मला म्हणाले, "मला तोच पटला रे. आम्ही दरवर्षी म्हणायचो, अजून पाच वर्षं, मग परत जाऊ. हिलाही माहीत होतं, मलाही माहीत होतं की आम्ही जाणार नाही. पण म्हणत होतो म्हणून दिवस गेले. तीच आमची निळी गोळी." मी रकान्यात काही लिहिलं नाही. काही मतांच्या शेजारी लिहायचं नसतं.

आता माझं मत, म्हणजे माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा नीट कळणार नाही.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला २००७ साली, सांगलीला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हॉस्टेलच्या लॅनवर तेव्हा 'डीसी प्लस प्लस' होतं. कुणाच्या तरी मशीनवरून पिक्चर ओढायचा आणि एका सीपीयूसमोर आठ जणांनी बसायचं. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं, जर्नल कोरी होती, म्हणजे पिक्चर बघायला अगदी योग्य वेळ. मॉर्फियसने दोन्ही तळहात पुढे केले, एकावर लाल गोळी, एकावर निळी, आणि त्याच क्षणी लोडशेडिंग! अख्खं हॉस्टेल अंधारात.

दीड तास वीज नव्हती. त्या अंधारात आम्ही वाद घातला, कोण कुठली गोळी घेणार. माझ्या खोलीतला मित्र सर्वांत आधी म्हणाला, "लाल. विचारायचंय काय त्यात?" मी म्हणालो, "मी आधी दोन्हींचे साइड इफेक्ट वाचेन." त्यावर सगळे हसले आणि वर्षभर मला 'निळ्या' म्हणत होते. हा मित्र आमच्यात सर्वांत हुशार. मला डेटा स्ट्रक्चर्स त्यानेच शिकवलं. त्याचे वडील महिन्यातून एकदा गावाहून यायचे, ते स्टीलच्या डब्यातून चिवडा घेऊन. आठ जणांना पुरेल इतका.

शिक्षण संपलं, पांगलो. मी इकडे आलो, तो पुण्यात राहिला. आणि हळूहळू त्याला सगळीकडे मॅट्रिक्स दिसायला लागला. आधी औषध कंपन्या, मग बँका, मग वर्तमानपत्रं. कुणी काही म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं : "तुम्ही अजून झोपलेले आहात." 

तो एकटा नव्हता. 'लाल गोळी' हा शब्द एव्हाना जगभर झाला होता. इंटरनेटवर बायकांना नावं ठेवणाऱ्या पुरुषांच्या गटांनी तो स्वतःसाठी घेतला. मग राजकारणातल्यांनी घेतला. मे २०२० मध्ये ईलॉन मस्क यांनी लोकांना लाल गोळी घ्यायला सांगितलं, इव्हान्का ट्रम्प यांनी 'घेतली' असं उत्तर दिलं, आणि लिली वाचोव्स्की यांनी दोघांनाही एक कचकचीत शिवी हासडली. त्याच वर्षी लिली यांनी एका मुलाखतीत सांगितलं की चित्रपटामागे मुळात लिंगबदलाची, आपण जसे आहोत तसं जगण्याची ओढ होती. दोघी भावंडं १९९९ मध्ये पुरुष म्हणून ओळखली जात होती, नंतर दोघींनी स्त्री म्हणून जगणं स्वीकारलं. चित्रपटातलं 'स्विच' हे पात्र खऱ्या जगात पुरुष आणि मॅट्रिक्समध्ये स्त्री असावं, असं आधी ठरलं होतं. काही ट्रान्स प्रेक्षकांना हे कुणी न सांगता कळलं होतं. आपल्याला कळलं नाही. म्हणजे बघा, एकच गोळी. ती स्वतःला शोधणाऱ्यांनीही घेतली आणि त्यांचा द्वेष करणाऱ्यांनीही. दोघांनाही वाटलं, ही माझ्यासाठीच आहे.

असं का झालं? मला वाटतं, पहिल्या भागात एक गोड गोष्ट दडलेली आहे आणि ती आपण सगळे चघळतो. नायक थॉमस अँडरसन हा सॉफ्टवेअर कंपनीत क्युबिकलमध्ये बसणारा, साहेबाची बोलणी खाणारा साधा माणूस. त्याला एक दिवस कळतं की तूच 'तो' आहेस. तू खास आहेस, बाकी सारं जग झोपलंय. ज्याने आयुष्यात एकदा तरी क्युबिकलमध्ये बसून साहेबाची बोलणी खाल्ली, त्याला हे ऐकायला किती बरं वाटत असेल! मलाही वाटलं. त्यातच आणखी एक धोक्याचं वाक्य आहे. सरावाच्या प्रसंगात मॉर्फियस नायकाला समजावतो की ही रस्त्यावरची माणसं अजून जागी झालेली नाहीत, म्हणून तोवर ती आपली शत्रूच समजायची. हाणामारीच्या गडबडीत ते आपल्या कानावरून जातं. पण कुणाकुणाच्या मनात तेच जाऊन बसतं.

आता दुसऱ्या भागाकडे या. २००३ च्या मे महिन्यात आला. त्यातल्या पाठलागासाठी इथून पाऊण तासावर, अलमीडाच्या जुन्या नौदल तळावर, जवळजवळ अडीच किलोमीटरचा खोटा फ्रीवे बांधला होता आणि काम झाल्यावर तो पाडून टाकला. या भागाने जगभरात सुमारे ७४ कोटी डॉलर मिळवले, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. पण लोक बाहेर पडले ते डोकं खाजवत. सहाच महिन्यांनी, ५ नोव्हेंबर २००३ ला, तिसरा भाग आला, तेव्हा आकडा सुमारे ४२ कोटींवर घसरला. माझ्या बावीस जणांपैकी सतरा जणांनी सांगितलं की पहिला उत्तम, पुढचे बेकार. कारण विचारलं तर सगळ्यांचं बोट एकाच प्रसंगावर : तो पांढऱ्या दाढीचा 'आर्किटेक्ट' खूप बोलतो आणि काही कळत नाही.

मी या भाषणाच्या निमित्ताने तो प्रसंग पाच वेळा पाहिला, थांबवून थांबवून. तो म्हणतो ते फार अवघड नाही हो, पण ऐकायला कडू आहे. तो नायकाला सांगतो : तू 'तो' आहेस ही आमचीच योजना. तुझ्या आधी पाच जण होऊन गेले. तुमचं बंडखोर शहर आम्ही पाच वेळा पुसून टाकलंय, ही सहावी वेळ. न पटणाऱ्या लोकांना बाहेर पडल्याचं समाधान मिळावं, म्हणून ही बाहेरची वाटही आम्हीच ठेवली आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर, तू बग नाहीस रे बाबा, तू फीचर आहेस!

म्हणजे पहिल्या भागाने आपल्याला दिलेली गोड गोष्ट दुसऱ्या भागाने काढून घेतली. 'मी जागा झालो' ही भावनासुद्धा झोपेचाच एक प्रकार असू शकते, असं सांगितलं. मग तो भाग आवडेल कसा? मला वाटतं, लोकांना तो कळला नाही म्हणून आवडला नाही, हे अर्धंच खरं आहे. जेवढा कळला तेवढाही नको होता.

आणि तिसऱ्या भागात तर चित्रपट आणखी पुढे जातो. शेवटी नायक स्मिथला मारामारीत हरवत नाही, स्वतः हरणं स्वीकारतो. यंत्रांशी तह होतो. तहातली अट काय? ज्यांना बाहेर यायचंय त्यांना येऊ द्यायचं. सगळ्यांना हलवून जागं करायचं, असं नाही. राहतील त्यांना शत्रू म्हणायचं, असंही नाही. १९९९ च्या मॉर्फियसपासून तिथवर चित्रपट केवढा चालून आलाय बघा.

याच भागात एक छोटा प्रसंग आहे. आपल्या एका वहिनींनी मला तो दाखवून दिला, नाहीतर मी तो पुढे ढकलला असता. नायक एका रिकाम्या रेल्वे स्टेशनात अडकतो. तिथे एक कुटुंब भेटतं : रामा-कांद्रा, म्हणजे आपला रामचंद्रच, त्याची बायको कमला आणि छोटी मुलगी सती. ही तिघं माणसं नाहीत, प्रोग्रॅम आहेत. तो वीजकेंद्राच्या सिस्टिमचा मॅनेजर, ती सॉफ्टवेअर करणारी. आणि या दोघांच्या मुलीला यंत्रांच्या जगात काही 'काम' नेमून दिलेलं नाही. काम नाही त्या प्रोग्रॅमला पुसून टाकतात, म्हणून ते तिला चोरून दुसरीकडे पोचवायला निघालेत. नायकाला आश्चर्य वाटतं, प्रोग्रॅमला प्रेम कसं असेल? रामचंद्र शांतपणे सांगतो की शब्द महत्त्वाचा नाही, त्या शब्दामागचं नातं महत्त्वाचं.

वहिनी म्हणाल्या, "बाकीचं मला कळलं नाही. पण यांची नोकरी गेली तेव्हा साठ दिवस होते आमच्या हातात. मुलीची शाळा, घर, सगळं त्या साठ दिवसांत. तो स्टेशनवरचा बाप बघून मी रडले." इथे बसलेल्यांपैकी अनेकांना साठ दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. एच-वन-बीवरच्या माणसाचं काम सुटलं की नवं काम शोधायला नाहीतर बाडबिस्तरा आवरायला मिळते ती मुदत. ज्याला जगाने 'तिसरा भाग बेकार' म्हटलं, त्यातल्या दोन-चार मिनिटांत वहिनींना त्यांचं आयुष्य भेटलं. याला चूक म्हणणारे आपण कोण?

२०२१ च्या डिसेंबरमध्ये चौथा भाग आला, लाना वाचोव्स्की यांनी एकटीने केलेला. तो पडला, खर्चही भरून निघाला नाही. पण त्यात एक झकास प्रसंग आहे : एका कंपनीतले हुशार लोक मीटिंगला बसून मॅट्रिक्स नक्की कशाबद्दल होता यावर चर्चा करतात. कुणी म्हणतं राजकारण, कुणी म्हणतं बुलेट टाइम. नायक बिचारा तिथेच बसून ऐकतोय. आपले काका, ती मुलगी, आम्ही इंजिनिअर, सगळे त्या मीटिंगमध्ये आहोत. 

आता मित्राचं राहिलेलं सांगतो आणि थांबतो.

२०२१ च्या मार्चमध्ये भारतात साठीवरच्यांना लस मिळायला लागली. मित्राने वडिलांना घेऊ दिली नाही. आमच्या हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावरून रणधुमाळी झाली. मी त्याला तक्ते पाठवले, आकडे पाठवले. तो म्हणाला, "निळ्या, तू अजून मॅट्रिक्समध्येच आहेस." एप्रिलच्या शेवटी त्याचे वडील गेले. लस घेतली असती तर वाचले असते का, हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. त्याने ग्रुपवर एका ओळीत कळवलं. सगळ्यांनी हात जोडले. मी लिहिलं, "आता तरी जागा हो."

मंडळी, हे मी लिहिलं. ज्या माणसाच्या वडिलांचा चिवडा मी चार वर्षं खाल्ला, त्याला, त्या दिवशी. कारण मलाही खात्री होती की मी जागा आहे आणि तो झोपलाय. आकडे माझ्या बाजूने होते, आजही आहेत. पण ते वाक्य आकड्यांचं नव्हतं. ते मॉर्फियसचं होतं : झोपलेला तो शत्रू. लाल गोळी त्याने घेतली असं मी म्हणत होतो आणि तीच गोळी मीही केव्हाची गिळून बसलो होतो. तो ग्रुपमधून निघून गेला. नंतर बोलणंच बंद झालं.

हे बावीस फोन झाल्यावर मी तेविसावा फोन केला. पुण्याला. माफी मागायचं ठरवून केला होता, पण तोंडातून निघालं, "अरे, मॅट्रिक्सचा दुसरा भाग तुला कसा वाटला होता?" तिकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "पूर्ण नाही बघितला. त्या म्हाताऱ्याचं भाषण सुरू झालं आणि मी बंद केला." मग मला माफी मागता आली. तो 'बरं' म्हणाला, 'असू दे' म्हणाला नाही. तो त्याचा हक्क आहे. नंतर वीस मिनिटं आम्ही सांगलीच्या लोडशेडिंगबद्दल बोललो. लशीबद्दल त्याचं मत तेच आहे, माझंही तेच आहे. पण फोन ठेवताना तो म्हणाला, "त्या दिवशी वीज आल्यावर आपण पिक्चर पुढे बघितलाच नव्हता, आठवतंय? जर्नल लिहीत बसलो. बाकीचा दुसऱ्या दिवशी बघितला." मला आठवत नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होतो की त्या रात्री आम्ही तो एका बैठकीत संपवला.

तर मंडळी, चित्रपट चांगला की वाईट, हे मी सांगणार नाही. वडे खाताना तुम्ही भांडालच, जरूर भांडा. पहिला भाग उत्तम म्हणा, पुढचे बेकार म्हणा, बॅटरीचा हिशेब पुन्हा मांडा. फक्त समोरच्याचं मत ऐकताना मनात तो एक कोरा रकाना ठेवा. आणि तसाच एक आपल्या स्वतःच्या मतापुढेही ठेवा. माझ्या त्या रकान्यात चार वर्षं काहीच लिहिलेलं नव्हतं.

एवढं बोलून थांबतो. वडे अजून गरम असावेत अशी आशा आहे.